तेलाचं बोट

अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, डोळे बारीक करायचे आणि मग सांगायचं, "बोटाक कळता." काकांना काहीही विचारा, उत्तराच्या आधी ही दोन बोटं घासली जायचीच. चहात साखर पुरेशी आहे का, उद्या धूळ उडेल का, महबूल्याहून फिंतासपर्यंत चालत यायला किती वेळ लागतो, सगळं आधी बोटांना विचारून मग आपल्याला सांगायचं.

एवढी दोन बोटं सोडली तर बाकीचा माणूस कधी ठिकाणावर नसे. माझ्या काउंटरसमोर उभे राहिले की आधी या पायावर, मग त्या पायावर. मग शेल्फावरची खोकी सरळ करायची, दारापर्यंत जायचं, बाहेर बघायचं, परत यायचं. "जातंय मी," म्हणायचे आणि अर्धा तास जायचे नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला बसा म्हटलं की आपण काहीतरी वाईट बोललो असं वाटतं. मला काकांचा तो स्वभावच वाटला. पुष्कळ दिवस तसाच वाटला, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

मी कुवेतमध्ये, फिंतासमधल्या एका खासगी दवाखान्याच्या खाली, औषधांच्या दुकानात काम करते. मूळची सांगलीची. काका पहिल्यांदा आले ती दुपारची रिकामी वेळ होती. पंचावन्नच्या आसपासचा, इस्त्रीचा करडा शर्ट घातलेला माणूस तीनदा दाराशी आला आणि तीनदा परत गेला. चौथ्यांदा आत आला आणि हिंदीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, लॅनोलिन मिलेगा?"

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेली चरबी. आमच्याकडे ती एकाच रूपात मिळते, बाळाला पाजणाऱ्या आईच्या छातीवरच्या चिरांवर लावायचं मलम. मी ट्यूब काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बच्चा कितने दिन का है?"

"कौनसा बच्चा?"

"आपका... मतलब, पोता?"

बोटं घासली गेली. "बच्चा नहीं है. पीतल को लगाना है."

"पीतल?"

"पीतल. पचास पीस."

खोक्यावर आई आणि बाळाचं चित्र होतं. त्यांनी ते खोकं उलटं ठेवलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता हिका काय नि कसा सांगू?"

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. मग हसले, आणि दहा मिनिटं उभ्या उभ्या, या पायावरून त्या पायावर होत, सगळं सांगितलं.

काका वेंगुर्ल्याच्या बाजूचे. तरुणपणी कुवेतला आले ते टर्नर म्हणून, शुवैखमधल्या एका वर्कशॉपमध्ये. ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा सबाह अल-सालेममधल्या एका वृद्ध कुवेती गृहस्थांच्या घरी कामाला लागले. पाण्याचा पंप, एसी, दारांच्या बिजागऱ्या, बागेची नळी, सगळं बघायचं. महबूल्यात गावाकडच्या चौघांबरोबर एक खोली होती, तिथून रोज बसने जायचे-यायचे. घरधन्याला ते 'बाबा' म्हणत, इथल्या घरांतून सगळेच म्हणतात तसं.

या बाबांना पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद. तरुणपणापासून दर शनिवारी क्लबात जाऊन कागदी निशाणावर गोळ्या मारायच्या. परवाने काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलेले. आणि काडतुसं विकतची चालत नसत, घरीच भरलेली हवीत. गोळी उडाली की मागे पितळेची रिकामी पुंगळी राहते. ती उष्णतेने जरा फुगलेली असते. तिला पोलादी साच्यातून दाबून काढलं की पुन्हा मापात येते आणि पुन्हा भरता येते. पण कोरडी पुंगळी दाबली तर साच्यात अडकते, मग ती काढायला अर्धा दिवस जातो. म्हणून आधी तिला तेलाचं बोट लावायचं. जास्त झालं तर पुंगळीला पोचा येतो. त्याहून वाईट म्हणजे तेल आत गेलं तर बंदुकीची दारू ओली होते. आणि दाबून झाल्यावर सगळं तेल पुसून काढायचं, कण ठेवायचा नाही. हे तेलाचं आणि पुसण्याचं काम काकांचं. त्या तेलाचा परदेशी डबा संपला होता, नवा येत नव्हता. डब्यावर बारीक अक्षरात लॅनोलिन लिहिलेलं वाचून ते तिसऱ्या दुकानात माझ्याकडे पोचले होते.

"मग तुम्हाला पिस्तूल चालवता येत असेल," मी म्हटलं.

"छ्या! मी हात लावूक नाय कधी. बंदूक बाबांची. पितळ माजा."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एक ट्यूब, असं चालू झालं. माझ्याबरोबर काम करणारा इजिप्शियन फार्मासिस्ट काकांना बघितलं की खोकं आधीच काउंटरवर ठेवायचा आणि हात वर करून म्हणायचा, "माशाअल्ला, आणखी एक?" काकांनी त्याला कधी खरं सांगितलं नाही. एकदा तर म्हणाले, "मुलगी आहे."

हळूहळू ते मला 'मॅडम'वरून 'बाय' म्हणायला लागले. माझी मुलगी एकदा दुकानात होती, तिच्याशी ते मालवणीत बोलले आणि ती इंग्रजीत उत्तरं देत राहिली. दोघांचं पाच मिनिटं छान चाललं. ती गेल्यावर म्हणाले, "पोर हुशार आसा. माजा काय एक समाजला नाय तिका, पण ऐकल्यान सगळा."

काकांचं काम मी प्रत्यक्ष एकदाच पाहिलं. बाबांची रक्तदाबाची औषधं मीच द्यायची, आणि एकदा त्यांच्या चिठ्ठीत काहीतरी गोंधळ होता म्हणून काका मला घरी घेऊन गेले. बाबांची पत्नी वारलेली, मुलं आपापल्या संसारात. मोठं घर, आणि मागच्या बाजूला एक खोली. तिथे लांब टेबल. एका टोकाला पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले बाबा, चष्मा नाकावर, समोर तराजू. दारूचं काम ते कुणाला करू देत नसत. दुसऱ्या टोकाला काका, समोर पुंगळ्यांची रांग आणि मलम चोपडलेली पट्टी.

पुंगळ्या धुवायला बाबांनी एक यंत्र आणलेलं होतं. ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. काका त्या आमसुलाच्या पाण्यात धुवायचे. "देवाची भांडी आमी आमसुलानच घासतो," ते म्हणाले. "ह्यां काय वेगळा?" बाबांनी मान हलवली आणि मोडक्या हिंदीत माझ्याकडे तक्रार केली, "मेरा पूरा कमरा इंडियन अचार का बास मारता." पण यंत्र काही उघडलं नाही.

पुंगळी पट्टीवर फिरवायची, मग दोन बोटांत धरून एक गिरकी. बोटांना बरं वाटलं तर डावीकडे, नाही तर फडक्याने पुसून पुन्हा. बाबा अरबीत काहीतरी बोलत होते, बहुतेक पुतण्याविषयी. काका मालवणीत गावच्या विहिरीविषयी सांगत होते. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं, आणि दोघांपैकी कुणालाच उत्तराची अपेक्षा नव्हती. मी औषधांचं समजावून निघाले तेव्हा दोघांनीही वर पाहिलं नाही. आणि एक गोष्ट मला तेव्हाच जाणवायला हवी होती. त्या खुर्चीत काका तासभर बसले होते, पण टेबलाखाली त्यांचे पाय सारखे चालू होते. एका तळव्याने दुसरा तळवा घासत होते.

काकांना साखरेचा आजार होता. गोळ्या माझ्याकडूनच न्यायचे, कधी न्यायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "आसत घरात." मोठ्या तपासणीला जायला तयार नसत. फायलीत काही लिहिलं गेलं तर पुढच्या वेळी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळणार नाही, अशी भीती त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवली होती. मी दोनदा समजावलं आणि सोडून दिलं. समोर उभा असलेला माणूस पाय बदलतो, तळवे घासतो, बसत नाही, त्याच्या पायांची आग होत असेल, हे औषधं देणाऱ्या मला सुचायला नको होतं का? मला तो स्वभाव वाटला. गंमत वाटली.

मग तो शनिवार आला.

शनिवारी काकांना सुट्टी असे आणि बाबांना त्यांचा पुतण्या क्लबात घेऊन जाई. सकाळी नऊला मी शटर उघडलं तर काका बाहेर उभे. उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि अंगठ्यावर टपोरे फोड.

"भाजल्यावर लावतत ता मलम दी, बाय."

"काय झालं?"

"चायची किटली. हँडल सोडून भांड्याकच धरलंय. वास इलो तेवा बगलंय."

मी ट्यूब घ्यायला वळले होते, ती थांबले. "वास आला तेव्हा? दुखलं नाही?"

"दुखाक नाय." हे ते अगदी सहज म्हणाले, उलट थोडं कौतुकानेच.

मी त्यांना म्हटलं, डोळे मिटा. डावा हात काउंटरवर ठेवायला लावला. पेनाचं टोक तर्जनीच्या टोकावर टेकवलं, मग दाबलं, मग चांगलंच रुतवलं.

"कधी टोचतलंस?" काका म्हणाले.

"डोळे उघडा."

त्यांनी आपल्या बोटात रुतलेलं पेन पाहिलं. हात मागे घेतला नाही. नुसते बघत राहिले. आणि मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पूर्ण स्थिर उभं राहिलेलं पाहिलं. पाय नाहीत, बोटं नाहीत, काहीच हललं नाही.

"काल सांजेक पन्नास केलंय मी," ते म्हणाले.

"काय पन्नास?"

"पुंगळ्यो. पुसल्यार बोट फिरवन बगतंय ना मी, तेल ऱ्हवला की काय. काल सगळ्यो कोरड्यो लागल्यो माका. एकदम कोरड्यो. माका बरा वाटला, म्हटलंय आज हात चांगलो चलता." मग डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "आता त्यो खरंच कोरड्यो होत्यो, की माकाच तशो लागल्यो, ता कोण सांगतला? बाबांनी रात्रीच भरल्यानी सगळ्यो. धा वाजता मारूक जातत."

तेल आत राहिलं तर काय होतं, मी विचारलं. त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. दारू ओली झाली की धड पेटत नाही. फुसका आवाज होतो आणि गोळी नळीतून बाहेर न पडता मध्येच अडकते. म्हाताऱ्या माणसाला, कानांवर आवाज बंद करायचं ते लावलेलं असताना, कळतही नाही. आणि त्याने मागून दुसरी गोळी मारली की नळी हातात फुटते.

बाबांचा फोन लागला, पण कुणी उचलला नाही. क्लबात फोन बाहेर कपाटात ठेवून जावं लागतं. पुतण्याचाही तसाच. क्लबाचा नंबर शोधून लावला तर तिकडून अरबीत थांबा म्हणाले आणि संगीत सुरू झालं. माझा इजिप्शियन सहकारी मागून सगळं बघत होता. त्याला काही समजलं नव्हतं, पण त्याने माझ्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "यल्ला, तू जा."

आम्ही शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो. काका एकदा काच खाली करत होते, एकदा वर. मध्येच म्हणाले, "जरा जोरात चलव." मी आधीच कॅमेऱ्यांना न जुमानता चालवत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाय, समज सगळ्यो बरोबर निघाल्यो तर?"

"तर चांगलंच की."

"चांगला कसा? धा माणसांत बाबांचो खेळ थांबवतलंय मी. माजा हात मेलो म्हणान सगळ्यांका सांगतलंय. आणि सगळा बरोबर निघाला तर मी मूर्ख." काच पुन्हा वर केली. मग म्हणाले, "पण थांबवूक व्हयाच."

गेटवर पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र मागितलं. मी पर्समध्ये शोधेपर्यंत काका दार उघडून पळाले होते. त्या वयाचा, त्या पायांचा माणूस कसा पळाला मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा आत शिट्टी वाजत होती आणि सगळ्या रांगेतली फायरिंग थांबली होती. काका दोरीच्या आत, जिथे जायला सक्त मनाई आहे तिथे उभे होते. बाबांच्या पुढ्यातल्या काडतुसांच्या खोक्यावर दोन्ही पंजे पसरून. फोड फुटले होते.

बाबांचा चेहरा संतापाने काळवंडला होता. आजूबाजूला त्यांच्या वयाचे, त्यांच्याबरोबर आयुष्यभर नेम धरलेले मित्र.

"क्या करता तुम? पागल हुआ?"

"बाबा, मत मारो. मेरा हाथ खराब."

"हाथ खराब तो अस्पताल जाओ!"

"नहीं बाबा. हाथ को मालूम नहीं पड़ता. तेल है, नहीं है, कुछ मालूम नहीं पड़ता. दो-तीन महीना से थोड़ा थोड़ा. मैं बोला नहीं." आणि मग सगळ्यांसमोर, खालच्या मानेने, "मैं झूठ बोला."

दोन-तीन महिने! हे मला गाडीतही सांगितलं नव्हतं.

क्लबाचा जबाबदार माणूस शांत स्वभावाचा होता. त्याने खोकं उचललं आणि बाजूच्या टेबलावर नेलं. हातोडीसारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून बाहेर येते. त्याने पहिलं काडतूस उघडलं. दारू कोरडी, भुरभुरीत. दुसरं तसंच. तिसरं, चौथं. पाचव्याला कुणीतरी अरबीत काही बोललं आणि दोघे हसले. सहावं. सातवं. बाबांनी हात बांधले होते आणि ते काकांकडे बघत नव्हते. काका टेबलाकडे बघत नव्हते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आठव्यातून दारू बाहेर पडली नाही. त्या माणसाने पुंगळी उलटी करून टकटक केलं, मग तार घालून खरवडलं. आतून ओल्या मिठासारखा गठ्ठा निघाला.

त्याने तो सफेद कागदावर ठेवला आणि कागद बाबांच्या पुढे सरकवला.  पन्नासांपैकी आणखी तसे चार निघाले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला, म्हणजे एकदाच घरी आलेल्या बाईला, म्हणाले, "आप गाड़ी लाया? इसको घर लेके आओ. मैं आता."

येताना काकांनी मला एकच सांगितलं, की व्हिसा रद्द करायला किती दिवस लागतात ते त्यांना माहीत आहे, काढून टाकलं की महिनाभर मिळतो.

बाबा आमच्या आधीच पोचले होते, मागच्या खोलीत. आम्हाला बसवलं. काकाही बसले. मग बाबांनी भिंतीतलं कपाट उघडलं, वरच्या फळीवरून एक छोटं खोकं काढलं आणि काकांच्या समोर ठेवलं. सीलबंद. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. काकांनी ते फिरवून पाहिलं. आयुष्यभर लोखंडात काम केलेला माणूस, त्यांना वाचायची गरज नव्हती. आत साचा होता, नव्या तऱ्हेचा, आतून कठीण धातूचं कडं बसवलेला.

"इसमें तेल नहीं लगता," बाबा म्हणाले.

"मालूम है," काका म्हणाले. "ये कब लाया बाबा?"

"नौ साल."

काकांनी खोकं टेबलावर ठेवलं. "लेश, बाबा?" का, एवढंच अरबीत विचारलं.

बाबांनी हात उडवला, हे काय विचारणं झालं अशा अर्थाचा. "तेल नहीं लगाएगा तो तुम क्या करेगा? पाँच बजे बस पकड़ेगा. जाएगा."

मला वाटलं आता काका रडतील. तुम्हालाही वाटलं असेल. काका ताडकन उठले. "नऊ वर्सां!" असं ओरडले आणि दार आपटून बागेत गेले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता. माका येडो केल्यानी म्हाताऱ्यान, नऊ वर्सां माजे खांदे मोडले, मलम आणूक बाळंतिणीच्या लायनीत उभो ऱ्हवलंय, लाज सोडलंय... खजुराच्या झाडाला सगळं ऐकवत होते.

बाबांनी मला विचारलं, "क्या बोलता?"

"शिवी... गाली देता है, बाबा."

"ज़ेन," बाबा म्हणाले. छान. आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

दहा मिनिटांनी काका आत आले. तोंड धुतलेलं होतं. कुणाकडे न बघता विचारलं, "चाय?"

नोकरी गेली नाही. बाबांनी स्वतः मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या करवल्या, गोळ्या बदलल्या. पायांची आग पुष्कळ कमी झाली. बोटं मात्र परत आली नाहीत. नवा साचा पुंगळ्या दाबायच्या प्रेसवर बसला. तेल गेलं, पुसणं गेलं. बाबांनी काकांना मग दुसरं काम दिलं, पुंगळ्या डब्यांत लावून ठेवायचं. संध्याकाळी खुर्ची तीच, टेबल तेच.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण काका पुढच्या महिन्यात दुकानात आले ते पूर्वीपेक्षा जास्त अस्वस्थ. पाय शांत होते, आता माणूसच शांत नव्हता.

"बाय, आदी माका ठावक नव्हता," ते म्हणाले. "काम आसा म्हणान बसत होतंय. आता ठावक झाला की ता काम न्हयच. आपणाक बसवन घेतलेला आसा. हात कसो चलतलो? बाबा माजे तोंडाकडे बगतत, मी त्यांचे. धा मिनटांनी मी म्हणतंय, बस येतली. ते म्हणतत, जा."

"पण त्यांना तुम्ही हवे आहात म्हणूनच ना..."

"ता माका कळता गो!" ते एकदम चिडले. "ताच तर. माका कळता."

मी त्या शनिवारी पेन टोचलं नसतं तर काय झालं असतं, हे मला माहीत आहे, आणि तरीही मी त्यावर विचार करत बसते. बाबांनी ते खोकं कपाटातच ठेवलं असतं आणि सांगितलं असतं की आता मीच पुसत जाईन, तर? दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींवर असा विचार करण्यात काही अर्थ नसतो. पण मन करतं.

चार महिन्यांनी काका कायमचे गावी गेले. बायकोने सांगितलं, पुरे झालं. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आले, बाबांच्या औषधांची यादी घेऊन. कुठली सकाळी, कुठली जेवणानंतर, हे मला, जिने ती औषधं वर्षानुवर्षं दिली तिला, बोट ठेवून समजावलं. "ते स्वतः सांगूचे नायत. तूच इचार." दारापर्यंत गेले, परत आले, आणखी एक गोळी आठवली होती. पुन्हा गेले. पुन्हा आले. मग गेले.

पावसाळा तिकडे सुरू झाला असेल, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबा एकटेच दुकानात आले, हातात काठी. मी औषधं काढायला लागले तर हाताने नको म्हणाले. फोन काढून काउंटरवर ठेवला.

"मैं उसको फोन करता. रोज करता. मैं बोलता शलोनक, वो बोलता ज़ेन. वो बोलता शलोनक, मैं बोलता ज़ेन. खलास." शलोनक म्हणजे कसा आहेस. त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. "बारह साल रोज बात किया. अब एक मिनट में खलास."

मी नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज आला, मग काकांचा. मी सांगितलं, बाबा माझ्यासमोर आहेत. काकांनी विचारलं, शलोनक बाबा. बाबा म्हणाले, ज़ेन. आणि खरंच, संपलं. 

"काय करताय?" मीच विचारलं.

"ईरीचो पंप खोललंय गो. पाणी उचलना नाय. वायसर बदलूक व्हयो."

मी बाबांना सांगितलं, विहिरीचा पंप दुरुस्त करतायत. बाबांनी फोनकडे वाकून हुकूम केला, "काम करो तुम. फोन बंद मत करो."

 पलीकडून फोन कुठेतरी दगडावर ठेवल्याचा आवाज. मग पान्याचा खडखड, एक मोठा श्वास, पुन्हा खडखड. काका मालवणीत बोलायला लागले. पंपाला, कुणा शेजाऱ्याला, कुणालाच नाही. बाबा अरबीत पुतण्याविषयी काही सांगायला लागले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

तिकडून बाईचा आवाज आला. काकांची बायको असणार. "फोनार कोण हा?"

"कोण नाय गो," काका म्हणाले. "बाबा बसलेसत हयसर."

काउंटरला टेकून, काठीवर भार देऊन उभे असलेले बाबा थांबले. त्यांनी मला विचारलं, "क्या बोला?"

"बोला, बाबा यहाँ बैठा है."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी माझं स्टूल काउंटरच्या बाहेर सरकवलं. त्यांनी दिशदाशा सावरला आणि ते बसले.